नव्या लॅपटॉपातील बिनबोलावलेली मंडळी

आमच्या धाकट्या बहिणीची मुलगी यंदा बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षात गेली. खानापूर तालुक्यातील आपल्या गावाहून ती रोज बसने बेळगावास जा-ये करते. कॉलेजचे बरेचसे काम हल्ली लॅपटॉपवाचून अडते, म्हणून तिच्या वडिलांनी काजूच्या पिकाचे आलेले पैसे आणि वर थोडे हातउसने मिळवून पावसाळ्याच्या तोंडाशी अडतीस हजार रुपयांचा एक नवा लॅपटॉप घेतला. घरात येणारा हा पहिलाच. खोके उघडले त्या दिवशी शेजारची चार मुले पाहावयास जमली होती, असे बहीण सांगत होती.

पंधरा दिवस गेले नाहीत तोच तिचा फोन आला. "दादा, एकदा येऊन बघून जा. नवी वस्तू, पण थकल्या बैलासारखी मध्येच बसते." लॅपटॉप सुरू केल्यावर कामास हात घालण्यापूर्वी दोन-तीन मिनिटे नुसते बसून राहावे लागे. आतला पंखा घुरघुरत असे. मोबाईलवरून इंटरनेट जोडले की दिवसाचे दीड जीबी दुपारच्या आतच संपून जाई, आणि भाची तर शपथेवर सांगे की आपण एकही चित्रफीत पाहिली नाही. भावोजींनी लॅपटॉप पुन्हा दुकानात नेला. तेथल्या मुलाने तो उघडूनही न पाहता सांगितले की एक तर साडेतीन हजारांची रॅम वाढवा, नाही तर दीड हजारात साफसफाई करून देतो. भावोजींची खात्री झाली की दुकानदाराने जुना माल नव्या खोक्यात घालून गळ्यात मारला. इकडे भाचीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याची मुदत तीन दिवसांवर आलेली.

आम्ही शनिवारी संध्याकाळी पोहोचलो आणि रविवारी रात्री परतलो. एक पैसाही खर्च न करता लॅपटॉप चालू लागला. त्यात आमची हुशारी म्हणावी असे फारसे काही नव्हते. जे केले ते कोणत्याही घरातील नववी-दहावीच्या मुलासही करता येईल. येत्या नाताळात आमच्या वाचकांपैकी काही घरी अशी वस्तू येणार असेल, काहींच्या घरी ती आली असून आताच कुरकुरत असेल. म्हणून या वेळचे सदर याच विषयास देत आहोत.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की लॅपटॉपच्या पडद्यावर जे दिसते तेवढेच आत चाललेले असते असे नाही. आपण एक पत्र लिहीत असतो, आणि त्याच वेळी आत शंभर-दीडशे लहानमोठी कामे चालू असतात. यांस संगणकाच्या भाषेत प्रोसेस म्हणतात, आणि जी आपल्या डोळ्यांआड चालतात ती बॅकग्राउंड प्रोसेस. लग्नघराची उपमा येथे चपखल बसते. ओटीवर चार पाहुणे पान खात बसलेले दिसतात, परंतु मागच्या अंगणात पाणी तापवणारे, नारळ फोडणारे, पत्रावळी मांडणारे किती जण खपत असतात! त्यांच्यावाचून लग्न पार पडावयाचे नाही. मात्र त्याच गर्दीत कोणीही न बोलावलेले, काडीचेही काम न करणारे, पण पंगतीला आधी बसणारे असे काही जण असतातच. नव्या लॅपटॉपातून काढावयाचे असतात ते हे. आचाऱ्याला हाकलून चालत नाही.

ही सगळी मंडळी एका ठिकाणी पाहता येते. विंडोजच्या लॅपटॉपावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की टास्क मॅनेजर नावाची खिडकी उघडते. मायक्रोसॉफ्टमधील डेव्ह प्लमर या अभियंत्याने ही सोय आरंभी आपल्या घरी बसून, स्वतःच्या उपयोगासाठी लिहिली होती; पुढे 1996 साली निघालेल्या विंडोज एनटी 4.0 मध्ये ती सर्वांच्या हाती आली. तीत प्रत्येक प्रोसेसपुढे चार रकाने असतात. ती सीपीयूचा म्हणजे यंत्राच्या मेंदूचा किती वेळ घेते, मेमरी किती अडवते, डिस्कवर किती लिहा-वाचा करते, आणि नेटवर्क किती ओढते. ज्या रकान्याच्या मथळ्यावर टिचकी मारावी त्याप्रमाणे सर्वांत खादाड मंडळी वर येतात.

भाचीच्या लॅपटॉपात त्या दिवशी एकशे शहाऐंशी प्रोसेस चालू होत्या आणि 8 जीबी रॅमपैकी पाच जीबी, एकही काम सुरू न करता, भरलेली होती. तो आकडा पाहून भावोजी हबकले. "एवढे लोक आत? बंद करा सगळे!"

येथे पुष्कळांची फसगत होते, म्हणून थोडे थांबून सांगतो. प्रोसेसची नुसती संख्या हे काही दुखण्याचे माप नव्हे. त्या यादीत सर्व्हिस होस्ट हे एकच नाव पन्नास-साठ वेळा आलेले दिसते, आणि पाहणाऱ्यास वाटते की काहीतरी कीड लागून एकाचे पन्नास झाले. वस्तुतः पूर्वी विंडोजच्या अनेक अंतर्गत सेवा एका सर्व्हिस होस्टच्या छपराखाली दाटीवाटीने राहत. 2017 सालच्या विंडोज 10 च्या एका आवृत्तीपासून, ज्या यंत्रात साडेतीन जीबीहून अधिक रॅम आहे तेथे, त्या सेवांपैकी बहुतेकींना वेगवेगळ्या खोल्या देण्यात आल्या, अशासाठी की एक कोसळली तर तिच्याबरोबर बाकीच्या कोसळू नयेत. माणसे तितकीच, दारे वाढली. सर्व्हिस होस्ट दिसले की बंद करण्याच्या भरीस कोणी पडू नये.

दुसरी गंमत त्याहून मोठी. टास्क मॅनेजरच्या डिटेल्स या पानावर सिस्टिम आयडल प्रोसेस अशी एक ओळ असते आणि तिच्यापुढे पुष्कळदा 90 किंवा 95 असा आकडा असतो. भाचीने विजयी मुद्रेने त्यावर बोट ठेवले. "मामा, सापडला चोर! शंभरातले पंच्याण्णव हाच खातो." आम्हांस हसू आले, कारण काही वर्षांपूर्वी आम्हीही याच चोराच्या मागे लागलो होतो. तो आकडा काम करण्याचा नसून रिकामे बसण्याचा आहे. मेंदूचा शंभरातील पंच्याण्णव भाग मोकळा आहे, एवढेच ती ओळ सांगते. तो आकडा जितका मोठा तितके आपले बरे.

रॅमचेही तसेच आहे. रिकामी पडलेली रॅम म्हणजे शिल्लक टाकलेला पैसा नव्हे. आपण नेहमी वापरतो ते प्रोग्रॅम चटकन उघडावेत म्हणून विंडोज त्यांचे काही भाग मोकळ्या जागेत आधीच आणून ठेवते आणि दुसऱ्या कोणास जागेची गरज लागली की लगेच सोडून देते. सिसमेन नावाची सेवा हे काम करते. पूर्वी तिचे नाव सुपरफेच होते. ही सेवा बंद करा म्हणजे यंत्र पळू लागेल, असा सल्ला देणारे ठिकठिकाणी भेटतात. आमचे मत असे की तिला हात लावू नये. रॅम अर्धी भरलेली असली म्हणून घाबरण्याचे कारण नाही. ती नव्वदीच्या पुढे जाऊन डिस्कचा रकानाही लाल होऊ लागला, तर मात्र जागा अपुरी पडते आहे असे समजावे.

शनिवारी रात्री आम्ही पहिली गोष्ट केली ती म्हणजे काहीच केले नाही. ऐकावयास विचित्र वाटेल. पण नव्या लॅपटॉपास आपले घर लावावयास थोडे दिवस लागतात. कारखान्यातून निघून दुकानाच्या फळीवर तो चार-सहा महिने पडलेला असतो. तेवढ्या काळातील सारे अपडेट त्यास एकदम खेचून घ्यावयाचे असतात. आतील फायलींची शोधसूची तयार करावयाची असते. डिफेंडर हा विंडोजचा पहारेकरी एकदा सर्व खोल्या तपासून घेतो. यादीत तो अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल या लांबलचक नावाने दिसतो. ही कामे एकदाच होतात, परंतु ती पुरी होईपर्यंत यंत्र धापा टाकते. भाची रोज अर्धा-पाऊण तास लॅपटॉप उघडी आणि नेट संपले की मिटून ठेवी; त्यामुळे हे घर लावणे पंधरा दिवस अर्धवटच राहिले होते, आणि रोज उघडल्यावर तेच काम पुन्हा पुढे सुरू होई. तिच्या दीड जीबीचा मोठा वाटा याच वाटेने जात होता. शेजारी शिक्षक राहतात, त्यांच्या घरी केबलचे इंटरनेट आहे. त्यांची परवानगी घेऊन रात्रभर लॅपटॉप तेथे चार्जरला लावून चालू ठेवला. सेटिंग्जमधील विंडोज अपडेटचे पान उघडून जे जे येणे होते ते येऊ दिले, आणि सकाळी दोनदा रिस्टार्ट केला.

रिस्टार्ट मुद्दाम म्हणतो. 2012 साली आलेल्या विंडोज 8 पासून शटडाउन केल्यावर यंत्र पुरते झोपत नाही. पुढच्या वेळी लवकर उठता यावे म्हणून आपल्या गाभ्याची स्थिती डिस्कवर लिहून ठेवते आणि तेथूनच पुन्हा सुरुवात करते. रिस्टार्ट केल्याने मात्र सगळे कोऱ्या पाटीवर सुरू होते. आठवड्यातून एकदा रिस्टार्ट करावा. याला खर्च नाही आणि धोका नाही.

रविवारी सकाळी यंत्र पुष्कळच शांत झाले होते. मग खरी झाडलोट हाती घेतली.

टास्क मॅनेजरमध्ये स्टार्टअप ॲप्स हे पान असते. लॅपटॉप सुरू होताक्षणी कोणी न सांगता जे प्रोग्रॅम आपोआप उठून बसतात त्यांची ही हजेरी आहे. सेटिंग्जमध्ये ॲप्स, त्यात स्टार्टअप, अशा वाटेनेही ती यादी मिळते. प्रत्येकापुढे त्याचा सुरुवातीवर होणारा भार हाय, मीडियम, लो असा लिहिलेला असतो. जो सुरुवातीच्या वेळी सीपीयूचा एका सेकंदाहून अधिक वेळ घेतो किंवा डिस्कवर तीन एमबीहून अधिक लिहा-वाचा करतो त्यास हाय म्हणतात. भाचीच्या यादीत चौदा नावे होती. एक गप्पांचा व सभांचा प्रोग्रॅम, जो तिने एकदाही उघडला नव्हता. एक गाण्यांचा. फोन लॅपटॉपास जोडून देणारा एक, दोन ब्राउझर, फायली इंटरनेटवर नेऊन ठेवणारे दोन, कंपनीचा खरेदीची आठवण करून देणारा एक, आणि चाचणीच्या मुदतीपुरता फुकट दिलेला एक अँटीव्हायरस, जो दर तासाला आता पैसे भरा म्हणून पडदा अडवी.

ज्या नावावर शंका नाही, ते निवडून डिसेबल हे बटण दाबावे. हे करताना भाचीचा हात थरथरत होता. प्रोग्रॅम नाहीसा होईल अशी तिला भीती. तसे काही होत नाही. डिसेबल म्हणजे आपोआप उठू नकोस, हाक मारली तर ये, एवढाच हुकूम. गाणी ऐकावयाची असतील तेव्हा तो प्रोग्रॅम उघडला की पूर्वीसारखाच चालतो. चुकून भलताच बंद झाला तर त्याच जागी एनेबल दाबले की झाले. म्हणून जेथे शंका वाटते तेथे आम्ही आधी डिसेबल करून आठ दिवस पाहतो, आणि मगच काढून टाकावयाचे की नाही ते ठरवतो.

टच पॅड, ध्वनी, चित्र दाखवणारी व्यवस्था आणि कीबोर्डावरील प्रकाशाच्या किंवा आवाजाच्या खास कळा यांच्याशी संबंधित नावे तशीच राहू द्यावीत. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीचा एखादा प्रोग्रॅम बॅटरी शंभर टक्के न भरता ऐंशीपर्यंतच भरू देतो. लॅपटॉप दिवसभर चार्जरलाच लावलेला असतो अशा घरी तो उपयोगी आहे, तो ठेवावा. चौदांपैकी आम्ही चार ठेवले आणि दहांना रजा दिली.

अँटीव्हायरसविषयी भावोजींनी हरकत घेतली. "तो काढलात तर चोर शिरतील." त्यांची काळजी रास्त होती. परंतु बाहेरचा अँटीव्हायरस घरात असेपर्यंत विंडोजचा स्वतःचा डिफेंडर साधारणपणे बाजूस सरून बसतो, आणि तो काढून टाकला की पुन्हा पहाऱ्यावर उभा राहतो. मुदत संपलेला आणि पैसे मागत बसलेला पहारेकरी असण्यापेक्षा घरचा जागता पहारेकरी बरा. सेटिंग्जमधील ॲप्स, त्यात इन्स्टॉल्ड ॲप्स, नावापुढील तीन टिंबे, मग अनइन्स्टॉल, या वाटेने तो काढला, रिस्टार्ट केला, आणि विंडोज सिक्युरिटीचे पान उघडून डिफेंडर चालू झाल्याची हिरवी खूण भावोजींना दाखवली तेव्हा कुठे त्यांचे समाधान झाले.

ही नको असलेली मंडळी नव्या यंत्रात येतात तरी कशी, असे बहिणीने विचारले. प्रश्न मार्मिक होता. लॅपटॉप विकण्यात नफा थोडा. म्हणून आपला प्रोग्रॅम प्रत्येक नव्या यंत्रात आधीच बसवून द्यावा यासाठी प्रोग्रॅम करणाऱ्या कंपन्या लॅपटॉपच्या कंपन्यांना पैसे देतात. गिऱ्हाईक आपण, पण आपल्या घरातील जागा दुसऱ्यास भाड्याने दिलेली. 2008 साली अमेरिकेत सोनी कंपनीने आपल्या एका महागड्या लॅपटॉपासाठी अशी सोय काढली की सुमारे पन्नास डॉलर अधिक द्या, म्हणजे आम्हीच घातलेली ही अडगळ आम्ही काढून देऊ! लोकांनी इतका आरडाओरडा केला की कंपनीने ती आकारणी तत्काळ मागे घेतली.

कधीकधी प्रकरण अडगळीपुरते राहत नाही. 2014 च्या उत्तरार्धात लेनोव्हो कंपनीच्या काही लॅपटॉपांत सुपरफिश नावाचा एक प्रोग्रॅम कारखान्यातूनच बसवून येत होता. पाहणाऱ्यास खरेदीच्या जाहिराती दाखवणे हे त्याचे काम. त्यासाठी तो माणूस आणि बँकेसारखी सुरक्षित संकेतस्थळे यांच्यामध्ये शिरून बसे, आणि त्याकरिता त्याने यंत्रात जी किल्ली ठेवली होती ती सर्व लॅपटॉपांत एकच होती. ती ज्याच्या हाती पडेल त्यास दुसऱ्याचा बंद व्यवहार वाचता यावा अशी स्थिती. फेब्रुवारी 2015 मध्ये हे उघडकीस आले, अमेरिकेच्या सरकारी सुरक्षा यंत्रणेने तो काढून टाकण्याचा इशारा दिला, आणि कंपनीने काढण्याचे साधन पुरवले. 2017 साली तेथील फेडरल ट्रेड कमिशन आणि 32 राज्ये यांच्याशी तडजोड होऊन कंपनीस 35 लाख डॉलर भरावे लागले. म्हणून कंपनीनेच घातले आहे म्हणजे आवश्यकच असणार, हा भोळेपणा बाजूस ठेवण्यास हरकत नाही.

आता ब्राउझर. आपण खिडकी बंद केली म्हणजे ब्राउझर बंद झाला असे आपल्यास वाटते. क्रोम आणि एज या दोहोंच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम या भागात एक कळ असते. ती चालू असेल तर खिडकी मिटल्यावरही त्यांचे काही भाग मागे चालू राहतात. ती बंद करावी. एजमध्ये स्टार्टअप बूस्ट नावाची आणखी एक कळ आहे. एज लवकर उघडावा म्हणून ती त्याला आधीपासूनच जागा करून ठेवते. जो दिवसभर एजच वापरतो त्याने ती ठेवावी, भाची क्रोम वापरते म्हणून तिच्या यंत्रात बंद केली. एकाच वेळी वीस-पंचवीस पाने उघडी ठेवण्याची तिची खोड मात्र आम्हांस बंद करता आली नाही. खालच्या पट्टीवरील बातम्या आणि हवामान दाखवणारी विजेट्सही काढली. बातम्या भावोजी अजूनही रेडिओवर ऐकतात.

ज्या ॲप विंडोजच्या स्टोअरमधून येतात त्यांना मागे चालण्याची परवानगी द्यावी की नाही तेही ठरवता येते. इन्स्टॉल्ड ॲप्समध्ये त्या नावापुढील तीन टिंबांतून ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स उघडावेत. तेथे बॅकग्राउंडची परवानगी ऑलवेज, पॉवर ऑप्टिमाइज्ड किंवा नेव्हर अशी ठेवता येते. निरोप ताबडतोब मिळावेत अशी ॲप सोडून बाकीच्यांना नेव्हर करण्यात काही बिघडत नाही.

आमच्या खेड्यापाड्यांत दोन गोष्टींचा तुटवडा असतो, विजेचा आणि नेटचा. पावसाळ्यात वीज गेली की लॅपटॉपची बॅटरी किती टिकते यावर अभ्यास अवलंबून. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, त्यात पॉवर अँड बॅटरी येथे कोणत्या प्रोग्रॅमने किती बॅटरी खाल्ली ते दिसते, आणि त्यात समोर चालताना किती व मागे राहून किती हेही वेगळे दाखवलेले असते. भाचीच्या यंत्रात इंटरनेटवर फायली नेऊन ठेवणारा एक प्रोग्रॅम मागे राहूनच सर्वांत अधिक खात होता. तिने लॅपटॉप प्रथम सुरू करताना पुढे, पुढे असे दाबत जाता डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि चित्रे ही तिन्ही वनड्राइव्हवर चढवण्यास संमती दिली होती. तेथे फुकट जागा 5 जीबी; फोनमधील सारे फोटो तिने लॅपटॉपात उतरवलेले; ते मोबाईलच्या नेटवरून वर चढत होते, आणि जागा संपल्यावर तक्रारही करीत होते. ही सोय वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही. लॅपटॉप बिघडला तर अभ्यास वाचतो. म्हणून डॉक्युमेंट्स तेवढे ठेवले, चित्रांची चढाई थांबवली.

नेटसाठी सर्वांत गुणकारी ठरली ती एक साधी कळ. सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, त्यात ज्या वाय-फायला आपण जोडलेले आहोत त्याचे गुणधर्म उघडले की मीटर्ड कनेक्शन अशी कळ दिसते. मोबाईलच्या हॉटस्पॉटसाठी ती चालू केली की विंडोजला समजते की येथे पाणी मोजून मिळते. मग ते बहुतेक मोठे अपडेट आपोआप ओढीत नाही. अपडेटचे तुकडे दुसऱ्यांच्या संगणकांना पुरवण्याचीही एक सोय आहे. विंडोज अपडेटच्या ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन म्हणून ती असते. तीही बंद केली. मात्र अपडेट कायमचे टाळणे म्हणजे दार उघडे टाकून निजणे. भाचीने महिन्यातून दोन रविवारी शेजारच्या गुरुजींकडे लॅपटॉप नेऊन अपडेट करावयाचे, असे ठरले.

येथवर सर्व सुरळीत वाटते. पण आमची एक फजितीही सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी स्वतःच्या लॅपटॉपावर ही झाडलोट करीत असता आम्हांस चेव चढला. स्टार्टअप झाले, ॲप झाल्या, आता सर्व्हिसेस म्हणून शेकडो नावांची जी यादी असते तीही साफ करू, असे म्हणून नाव न कळलेल्या पंधरा-वीस सेवा रात्रीच्या रात्रीत बंद केल्या. सकाळी मुलाशी व्हिडिओवर बोलावयास बसलो, तर त्याचे तोंड हलते, आवाज नाही. आम्ही स्पीकर उघडझाक केला, हेडफोन बदलले, मुलाला दोष दिला, शेवटी यंत्र पिशवीत घालून शहरात दुरुस्तीवाल्याकडे नेले. त्याने विंडोज ऑडिओ ही सेवा शोधून चालू केली, दोन मिनिटांत आवाज आला, आणि तीनशे रुपये घेतले. मंडळींनी घरी ही गोष्ट अजून विसरलेली नाही. तेव्हापासून सर्व्हिसेसच्या यादीकडे आम्ही वाकडी नजर करीत नाही, आणि कोणास करू देत नाही. मागे चालणाऱ्या विंडोजच्या स्वतःच्या सेवा बंद करून मिळणारी बचत अगदी थोडी, आणि कोणत्या दोरीला काय बांधले आहे ते आपल्यास ठाऊक नसते. एमएसकॉन्फिग नावाच्या खिडकीत बूट या पानावर प्रोसेसरची संख्या आणि कमाल मेमरी भरण्याच्या जागा असतात, त्या भरल्याने वेग वाढतो असेही कोणी सांगतात. तो वाढत नाही. चुकीचा आकडा पडला तर मात्र यंत्र लंगडे होते.

एका बटणात लॅपटॉप वेगवान करून देतो म्हणणारे क्लीनर आणि बूस्टर हे प्रोग्रॅम तर मुळीच घेऊ नयेत. त्यांपैकी बहुतेक स्वतःच स्टार्टअपमध्ये जाऊन बसतात. म्हणजे गर्दी कमी करावयास आलेला गर्दीतच भर घालतो. रजिस्ट्री साफ करणारे जे प्रोग्रॅम असतात त्यांच्या वापराला स्वतः मायक्रोसॉफ्टचाही पाठिंबा नाही. आणि तुमच्या संगणकात दोष आहे, आम्ही मायक्रोसॉफ्टमधून बोलतो, असा फोन आला तर तो सरळ ठेवून द्यावा. मायक्रोसॉफ्ट कोणास असा फोन करीत नाही.

एक गोष्ट भावोजींना स्पष्ट सांगितली, ती येथेही सांगतो. झाडलोटीने लहान खोली मोठी होत नाही. विंडोज 11 साठी किमान 4 जीबी रॅम पुरे असे कागदोपत्री लिहिलेले आहे, परंतु आमच्या पाहण्यात 4 जीबीचा लॅपटॉप कितीही साफ केला तरी ब्राउझरची चार पाने उघडताच दमतो. अशा घरी रॅम वाढवण्याचा सल्ला खोटा नसतो. नवा घेणाऱ्यांनी 8 जीबीच्या खाली जाऊ नये, आणि पुढे वाढवता येईल अशी जागा आत आहे की रॅम पक्की जोडलेली आहे, हे दुकानातच विचारून घ्यावे. भाचीच्या यंत्रात मात्र 8 जीबी होते. तेथे साडेतीन हजार खर्चण्याचे कारण नव्हते.

रविवारी दुपारी पुन्हा मोजून पाहिले. प्रोसेस एकशे शहाऐंशीच्या एकशे एकेचाळीस झाल्या. काहीही न उघडता भरलेली रॅम पाच जीबीवरून साडेतीनवर आली. बटण दाबल्यापासून कामास लागेपर्यंत अर्धे मिनिटही लागले नाही. भावोजी घड्याळ हातात धरून उभे होते. त्यांनी तीनदा रिस्टार्ट करावयास लावले, आणि तिसऱ्यांदा पाहून झाल्यावर दुकानदाराविषयी जे बोलले होते त्यातील अर्धे मागे घेतले. उरलेले अर्धे, दीड हजारांच्या साफसफाईबद्दलचे, त्यांनी कायम ठेवले. भाचीने त्याच संध्याकाळी शिष्यवृत्तीचा अर्ज भरला, आणि अर्ज व सोबतची कागदपत्रे चढवूनही त्या दिवशीच्या दीड जीबीतील निम्मे शिल्लक होते.

परवा तिचा फोन आला. मोठे अपडेट झाल्यापासून आम्ही रजा दिलेल्यांपैकी दोघे स्टार्टअपच्या यादीत पुन्हा एनेबल होऊन बसले आहेत, असे तिने सांगितले. अपडेटनंतर असे कधीकधी होते. म्हणून प्रत्येक मोठ्या अपडेटनंतर ती यादी एकदा डोळ्यांखालून घालावी लागते. आम्ही काही सांगण्यापूर्वीच ती म्हणाली, "मामा, मी दोघांनाही पुन्हा डिसेबल केले. आणि पलीकडच्या घरचाही लॅपटॉप नीट करून दिला."

सर्व्हिसेसना हात लावला नाहीस ना, एवढे आम्ही विचारून घेतले. नाही म्हणाली.